अवरक्त प्रतिमांकनाद्वारे वायुगळतीचा शोध : एक चिकित्सा

औद्योगिक वसाहत असलेल्या देवळीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी वायुप्रदूषणाची चर्चा धूर आणि वास या दोन खुणांवरच चालते. अदृश्य वायू दाखविणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्याचे आकर्षण त्यामुळे स्वाभाविक होय. मात्र या तंत्राविषयीचे बरेचसे लेखन उपकरणाच्या माहितीपत्रकापलीकडे जात नाही.

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये अवरक्त किरण शोधले. पुढे जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत काही वायू ही उष्णता शोषतात, नायट्रोजन व ऑक्सिजन मात्र जवळजवळ शोषत नाहीत, हे दाखविले. कॅमेऱ्याचे सामर्थ्य आणि आंधळेपण या दोहोंचे मूळ येथेच आहे. मिथेन सुमारे ३.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतो, तर कार्बन मोनॉक्साइड ४.६ च्या आसपासचे. साहजिकच मिथेनसाठी बसविलेल्या फिल्टरमधून झोतभट्टीच्या वायूतील कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. पोलाद उद्योगात घातक ठरतो तो मुख्यतः हाच. वर्ध्यालगतच्या भूगाव येथील पोलाद प्रकल्पात फेब्रुवारी २०२१ मध्ये तीसहून अधिक कामगार जखमी झाले. त्या इजा भाजण्याच्या होत्या. कॅमेऱ्याने त्या टळल्या असत्या, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

क्लोरीनची गोष्ट आणखी बोलकी आहे. जलशुद्धीकरण केंद्रांत त्याची नळकांडी असतात. परंतु दोन समान अणूंचा हा रेणू अवरक्त किरण शोषत नाही. तेथे अमोनियाच्या द्रावणात भिजविलेला बोळा जवळ नेऊन पांढरा धूर पाहण्याची जुनी चाचणीच (कितीही गावठी वाटली तरी) उपयोगी पडते.

याउलट, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांवरील अवरक्त उपकरणांनी मुंबईतील कचराभूमीतून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन बाहेर पडत असल्याचे दाखविले. तंत्राची उपयुक्तता म्हणूनच नाकारता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही २००८ मध्ये गळतीशोधाची पर्यायी पद्धत म्हणून त्यास मान्यता दिली.

खरी अडचण कोऱ्या चित्राची आहे. वायू व पार्श्वभूमी यांच्या तापमानात पुरेसा फरक नसेल, वारा जोराचा असेल किंवा अंतर जास्त असेल, तर गळती असूनही पडद्यावर काही उमटत नाही. असे चित्र निर्दोषत्वाचा दाखला म्हणून कामगारांपुढे ठेवले जाण्याचा धोका आहे. तपासणी अहवालात फिल्टर, अंतर, वाऱ्याचा वेग व तापमान यांची नोंद नसल्यास तो पुरावा म्हणून स्वीकारू नये.