दुःखाची तुलना आणि लाभाचे मौन

दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना मराठी समीक्षेला नवी नाही. तिची वैचारिक मुळे महात्मा फुले यांच्यापर्यंत नेता येतात. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. पुढे डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील वास्तव्यानंतर कृष्णवर्णीय लेखकांकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या संघटनेने ‘ब्लॅक पँथर’वरून आपले नाव घेतले. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने या विषयाला अभ्यासाची शिस्त दिली. या परंपरेचे ऋण मान्य करूनच तिची एक मर्यादा सांगावी लागते. या तुलनेत एका बाजूला गुलामाचे दुःख असते, दुसऱ्या बाजूला अस्पृश्याचे; एका बाजूला विद्रोह असतो, दुसऱ्या बाजूलाही विद्रोह. परंतु दोन्ही दुःखांतून ज्यांना काही मिळत राहिले, त्यांची तुलना क्वचितच झाली. पीडितासमोर पीडित उभा राहिला. लाभार्थी मात्र दोन्हीकडे चौकटीबाहेरच राहिला.

अमेरिकन विचारात ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली आहे. स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ साली ‘ब्लॅक पॉवर’ या ग्रंथात व्यक्तिगत वंशवाद आणि संस्थात्मक वंशवाद असा भेद केला. बर्मिंगहॅम शहरातील चर्चमध्ये बॉम्ब ठेवून कृष्णवर्णीय मुलींचा बळी घेणे हे व्यक्तींचे कृत्य होय आणि समाज त्याचा निषेध करतो. त्याच शहरात पुरेसे अन्न, निवारा आणि औषधोपचार यांच्या अभावी कृष्णवर्णीय अर्भके मरत राहतात, तेव्हा तेथे कोणी गुन्हेगार दिसत नाही आणि निषेधही होत नाही. पेगी मॅकिन्टॉश यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस या विचाराची दुसरी बाजू पुढे आणली : गोऱ्या व्यक्तीला रोज न मागता मिळणाऱ्या सवलती तिच्या स्वतःच्या लक्षातही येत नाहीत. टोनी मॉरिसन यांनी १९९२ च्या ‘प्लेइंग इन द डार्क’मध्ये हाच प्रश्न साहित्याला विचारला. गोऱ्या लेखकांच्या अभिजात कृतींतील गोरेपण कशाच्या आधारावर उभे आहे, हे त्यांनी तपासले. अभ्यासाचा विषय असा बदलला, की ज्याचे वर्णन केले जाते त्याच्याबरोबर वर्णन करणाऱ्याकडेही पाहावे लागते.

हा बदल साहित्यकृतीच्या वाचनात काय घडवतो, हे रिचर्ड राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’ (१९४०) या कादंबरीवरून स्पष्ट होते. बिगर थॉमसचा संताप आणि त्याच्या हातून घडलेली हत्या यांची चर्चा पुष्कळ होते. वस्तुतः या कादंबरीचा संस्थात्मक आशय श्री. डाल्टन या पात्रात साठवलेला आहे. डाल्टन दुष्ट नाहीत. ते कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी देणग्या देतात, त्यांच्या तरुणांच्या करमणुकीसाठी टेबल टेनिसची टेबले पाठवतात आणि बिगरला नोकरीही देतात. परंतु बिगरचे कुटुंब उंदरांनी भरलेल्या ज्या एका खोलीत राहते, तिचे भाडे डाल्टन यांचेच वर्चस्व असलेल्या कंपनीकडे जाते. ही कंपनी कृष्णवर्णीयांना शहराच्या ठरावीक भागातच घरे देते आणि अधिक भाडे घेते. चौकशीत वकील मॅक्स कारण विचारतो, तेव्हा डाल्टन यांच्यापाशी उत्तरे तयार असतात : घरांची टंचाई आहे, रूढी आहे, व्यवसायाची नीती आहे. दान आणि भाडे एकाच हातातून ये-जा करतात. दानाची नोंद समाज ठेवतो, भाड्याची नोंद फक्त कादंबरी ठेवते.

हे वाचन वऱ्हाडात आणताना दोन्ही प्रदेशांना जोडणारे एक ऐतिहासिक सूत्र ध्यानात घ्यावे लागते. ते सूत्र कापसाचे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि दक्षिणेकडील गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली असलेल्या वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला यामुळे एकाएकी जागतिक महत्त्व आले. त्याच दशकात लोहमार्ग आला आणि अकोला, अमरावती, खामगाव या बाजारपेठांचे रूप पालटले. मिसिसिपीच्या शेतातील गुलाम आणि वऱ्हाडच्या शेतातील मजूर एकमेकांना कधीच भेटले नाहीत, परंतु दोघांच्या वेचणीचा हिशेब एकाच लिव्हरपूलच्या बाजारात होत होता. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण अभिमानाने सांगितली जाते. त्या सोन्यात कोणाचा वाटा किती, याबद्दल म्हण काही सांगत नाही.

हा वाटा कोणत्या व्यवस्थांनी ठरवला, हे पाहिल्यावर ‘संस्था’ या संकल्पनेचा वऱ्हाडी अर्थ उलगडतो. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले आणि डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीच्या पाठीशी होते. बोलण्यांना अवधी मिळावा म्हणून सत्याग्रह तूर्त तहकूब करण्यात आला. ‘अवधी’ आणि ‘तहकूब’ हे शब्द या चर्चेत कळीचे आहेत. वगळण्याचे काम येथे शिवीने किंवा लाठीनेच होते असे नाही. ते बैठकीने, मुदतीने आणि एकमत होईपर्यंत थांबण्याच्या सौजन्यपूर्ण विनंतीनेही होते. थांबण्याची किंमत मात्र दोन्ही पक्षांना सारखी पडत नाही. जो आधीच गाभाऱ्यात आहे, त्याचे थांबल्याने काहीच जात नाही. विशेषाधिकाराची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे : काळ ज्याच्या बाजूने असतो, तो विशेषाधिकारी.

पंजाबरावांनी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहीर ही गावातील सर्वांत साधी संस्था होय. तिला घटना नसते, सभासदपत्र नसते, तरी पाणी कोणी शेंदायचे आणि कोणी दुरून ओंजळ धरायची, याविषयी संदेह नसतो. अमेरिकेच्या दक्षिणेत पाण्याच्या नळांवर ‘गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या होत्या. वऱ्हाडातील विहिरीला पाटीची गरज नव्हती. ज्या व्यवस्थेला पाटी लावावी लागते, ती १९६४ सारख्या एखाद्या कायद्याने पाटीपुरती तरी उतरवता येते. बिनपाटीची व्यवस्था उतरवताना आधी ती वाचावी लागते आणि असे वाचन हे साहित्याचे व समीक्षेचे काम आहे.

तथापि वंश आणि जात यांचे समीकरण थेट मांडता येणार नाही. अमेरिकन विश्लेषणाचा भर एका रंगरेषेवर आहे. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. या व्यवस्थेत रेषा एक नसून पायऱ्या अनेक असतात आणि बहुतेक प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी असते. त्यामुळे येथे विशेषाधिकार थोड्यांच्या हाती एकवटलेला नसतो. तो सर्वांत थोडाथोडा, परंतु अत्यंत असमान वाटलेला असतो. या वाटपामुळेच व्यवस्थेला संरक्षक मिळत राहतात.

वऱ्हाडातील दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० सालची. शिंप्याच्या घरातील कौतिक ही तिची नायिका. नवऱ्याचे नाकर्तेपण, पुढे त्याला जडणारा महारोग आणि अखंड दारिद्र्य यांच्याशी ती झगडते. नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखकाचा वाशीम परिसर त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता. मातंग समाजातील वालंबी ही या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. दोघीही श्रमणाऱ्या, दोघीही मानी. कष्टकरी स्त्रीची जिद्द या एकाच आशयसूत्राखाली दोघींना आणणे सोपे आहे आणि तेवढ्यापुरते खरेही आहे. परंतु शिंप्याचे घर गावकुसाच्या आत असते, मांगवाडा बाहेर. कौतिकची भूक खरी आहे, पण तिच्या सावलीचा विटाळ कोणी मानत नाही. वालंबीच्या वाट्याला भूक येते आणि गावाने आखलेली जागाही येते.

डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी १९३५ च्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’मध्ये गरीब गोऱ्या मजुराविषयी जे प्रतिपादन केले, ते येथे उपयोगी पडते. मजुरी तुटपुंजी असली तरी गोरेपणामुळे त्याला सार्वजनिक मानाच्या रूपाने एक वेगळे वेतन मिळते, म्हणून तो कृष्णवर्णीय मजुराशी हातमिळवणी करीत नाही. कौतिकला मिळणारे असे वेतन फारच अल्प आहे. तिच्या कहाणीतील करुणा त्यामुळे उणावत नाही. मात्र ते शून्य नाही. दारिद्र्य आणि विशेषाधिकार एकाच देहात नांदू शकतात, ही जाणीव झाल्याखेरीज ‘आम्हीही गरीबच होतो’ या नित्याच्या प्रतिवादाला उत्तर देता येत नाही. त्याचप्रमाणे कौतिक आणि शहरी सुखवस्तू वाचक यांना सवर्ण या एकाच शब्दात कोंबणेही चुकीचे ठरते. श्रेणीबद्ध विषमतेचे वाचन श्रेणी मोजूनच करावे लागते.

येथून प्रश्न समीक्षेकडे वळतो, कारण समीक्षा ही देखील एक संस्था आहे. ‘धग’चा परिचय प्रादेशिक कादंबरी म्हणून करून दिला जातो, ‘राघववेळ’चा दलित कादंबरी म्हणून. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात घडणाऱ्या कादंबरीला मात्र कोणतेही विशेषण लागत नाही. ती नुसती कादंबरी असते. वऱ्हाडी ही बोली, कारण दुसरी एक भाषा प्रमाण ठरलेली आहे. वस्तुतः सदाशिव पेठ हाही एक प्रदेशच आहे आणि तिलाही जात आहे. जे विशेषणाविना वावरते ते सार्वत्रिक मानले जाते आणि सार्वत्रिकतेचा मान हाच साहित्यव्यवहारातील मोठा लाभ होय. ‘निग्रो कादंबरी’ आणि ‘अमेरिकन कादंबरी’ या जोडीत नेमकी हीच रचना होती. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत दलित साहित्याला स्वतंत्र अभ्यासपत्रिका मिळाली, हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु उरलेल्या अभ्यासपत्रिकांच्या मथळ्यांत कोणाची जात अध्याहृत आहे, हा प्रश्न त्या यशाने मिटत नाही.

अशा वाचनाने साहित्य समाजशास्त्राचे परिशिष्ट होईल, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे ते एवढेच, की लाभाचा हिशेब मांडणे म्हणजे कृतीचे मूल्यमापन नव्हे. ‘धग’मधील भाषेची ताकद कौतिकच्या जातीने कमी किंवा अधिक होत नाही. परंतु कलाकृतीत काय अनुच्चारित आहे, कोणती वस्तुस्थिती इतकी स्वाभाविक मानली आहे की तिचे वर्णनही आवश्यक वाटू नये, हा प्रश्न पूर्णतः वाङ्मयीन आहे. निवेदकाची जागा, संवादाची भाषा, गावाचा नकाशा आणि मौने यांच्या बारकाव्यानेच त्याचे उत्तर मिळते.

जातीचा लाभ वंशाच्या भाषेत कसा रूपांतरित होतो, याचा एक बोलका पुरावा खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वासाठी आपण उच्चजातीय आर्य, म्हणून गोरे, असा युक्तिवाद केला. न्यायालयाने तो फेटाळला. वर्णभेदाने पीडित झालेला माणूस जातीच्या दाखल्यावर विशेषाधिकार मागत होता. ठीक शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, सिअॅटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने संमत केलेल्या अशाच विधेयकाला गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. अस्तित्वात असलेले कायदे पुरेसे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. एकच स्थलांतरित माणूस कार्यालयात वर्णामुळे अल्पसंख्य आणि स्वकीयांत जातीमुळे वरिष्ठ असू शकतो. म्हणूनच ‘आपण कोणासारखे पीडित आहोत’ एवढ्यावर तुलनेला थांबता येत नाही.

आंबेडकरांनी १९४६ साली ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले, तेव्हा दोन पीडित समाजांमधील संवादाचे दार उघडले. मराठी समीक्षेने ते दार उघडे ठेवले, हे तिचे श्रेय आहे. डाल्टन यांच्या भाड्याची नोंद राइट यांनी ठेवली. अंबादेवीच्या दारातील अवधीची, विहिरीच्या अदृश्य पाटीची आणि ‘नुसत्या’ कादंबरीच्या गाळलेल्या विशेषणाची नोंद अद्याप पुरती व्हायची आहे. ती झाली, तर सहानुभूतीने वाचणाऱ्या वाचकाला त्या हिशेबात आपलेही खाते सापडेल आणि दुःखाच्या तुलनेने आजवर त्याला दिलेली प्रेक्षकाची सुरक्षित जागा सोडावी लागेल.