पाणभुंगेऱ्यांची ओळख: ग्रंथाआधीची पायरी

टी. जी. वझिरानी यांचा १९८४ चा इंग्रजी ग्रंथ अभ्यासकांना मोलाचा आहे. पण त्यात जायरिनिडी व हॅलिप्लिडी ही दोनच कुले आहेत. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या तलावात भुंगेरा सापडला, तर ग्रंथ उघडण्याआधीच त्याचे कुल ठाऊक हवे! शिक्षकांची अडचण नेमकी येथे आहे. ती जिवंत कीटक पाहून बरीचशी सुटते. पृष्ठभागावर गिरक्या घेणारा, वर-खाली दुभागलेल्या डोळ्यांचा तो जायरिनिडी. मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मारणारा, शेपटीकडून हवा घेणारा तो डायटिसिडी. पाय आळीपाळीने हलवून डोक्याकडून हवा घेणारा तो हायड्रोफिलिडी. जातीचे नाव तज्ज्ञांवर सोडावे. कुलापर्यंत मात्र वर्गाने स्वतःच पोचावे, असे आम्हाला वाटते.