पाते बापाचे, सांधा लेकाचा

घडीच्या चाकूत एक दुबळी जागा असतेच. एकसंध चाकूचे पोलाद मुठीत खोलवर गेलेले असते, त्यामुळे हाताचा जोर थेट धारेपर्यंत पोचतो. घडीच्या चाकूचे पोलाद मात्र मुठीच्या तोंडाशीच संपते आणि पुढचा सगळा भार एका पिनेवर आणि एका खटक्यावर येतो. चाकू पट्ट्याला किंवा खिशात मावावा म्हणून आपण हा दुबळेपणा जाणूनबुजून पत्करतो. पाते जितके लांब, तितका सांध्यावरचा ताण जास्त. म्हणून रोजच्या कामासाठी मोठा घडीचा चाकू निवडताना पात्याच्या चकाकीला भुलू नये, आधी सांधा वाचावा. हे वाचन शिकायला अमेरिकेतल्या बक कंपनीच्या ‘११० फोल्डिंग हंटर’इतका चांगला धडा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. १९६४ मध्ये तो बाजारात आला आणि आजही बनतो आहे. मधल्या काळात त्याच्या नकला इतक्या झाल्या, की अमेरिकेत पाठीवर खटका असलेल्या कुठल्याही घडीच्या चाकूला लोक सरसकट ‘बक नाइफ’ म्हणू लागले.

या चाकूमागे दोन पिढ्या आहेत. होइट बक १९०२ मध्ये कॅन्सस राज्यात लोहाराच्या हाताखाली उमेदवारी करत होते. पोलादाला पाणी कसे दिले म्हणजे धार जास्त काळ टिकेल, हा त्यांचा ध्यास होता. झिजलेल्या कानशींपासून ते चाकू घडवत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी चाकू हवेत अशी हाक आली, तेव्हा धर्मोपदेशक झालेल्या होइट यांनी आयडाहोतल्या आपल्या चर्चच्या तळघरात भट्टी मांडली. युद्धानंतर ते कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला मुलाकडे गेले आणि १९४७ मध्ये बापलेकांनी मिळून धंदा सुरू केला. दोनच वर्षांनी होइट वारले. त्यांचे चाकू सगळे एकसंध, न मिटणारे होते. एकसंध चाकूची ताकद घडीच्या चाकूत आणण्याचे काम मुलाने, ॲल बक यांनी केले. पात्याचे गुण बापाकडून आलेले आणि सांध्याची जबाबदारी लेकाने उचललेली, अशी ११०ची वंशावळ आहे.

मिटलेला चाकू तळहातावर घ्या. लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, वजन २०० ग्रॅमच्या थोडे वर. दोन टोकांना पितळ आणि मधे गडद, जवळजवळ काळे आबनुसाचे लाकूड. आजच्या हलक्या चाकूंची सवय असलेल्याला हे वजन पहिल्यांदा खटकते. ते कुठून आले हे पाहिले, की मत बदलते. आतला सांगाडा पितळी आहे आणि पात्याची पिन जिथे बसते तिथे हे पितळ भरपूर जाड ठेवले आहे. म्हणजे वजनाचा मोठा वाटा त्या दुबळ्या जागेला आधार देण्यात खर्ची पडला आहे. मागच्या टोकाच्या पितळामुळे तोल साधतो आणि उघडलेला चाकू तोंडाकडे झुकत नाही. मुठीचा पोटाकडचा हलका बाक चार बोटांना पुरतो. बोटांसाठी खाचा पाडलेली आवृत्तीही आहे, पण मला साधी मूठ जास्त आवडते. त्या खाचा एकाच पकडीला सोयीच्या असतात आणि रोजच्या कामात पकड सारखी बदलते. दोरी कापताना मूठ आवळावी लागते, कातडे छाटताना अंगठा पात्याच्या पाठीवर जातो, खोके उघडताना चाकू उलटा धरावा लागतो. साधी मूठ या सगळ्यांना जागा देते.

आता पाते उघडा. नखासाठी कोरलेल्या खाचेत नख अडकवून ते ओढावे लागते आणि त्याला दोन्ही हात लागतात. पाते पूर्ण उघडले, की खटका बसल्याचा घट्ट, ठसठशीत आवाज येतो. मुठीच्या पाठीवर पोलादाची एक पट्टी आहे. ती बागेतल्या सी-सॉसारखी मधल्या पिनेवर डुलते. मागची स्प्रिंग तिचे पुढचे टोक सतत खाली दाबून ठेवते. त्या टोकाचा दात पात्याच्या बुडाशी कोरलेल्या चौकोनी खाचेत जाऊन बसतो. मुठीच्या मागच्या भागात पट्टी दाबली की दात उचलला जातो आणि पाते मिटते. कापताना येणारा दाब पात्याला आणखी उघडायला बघतो, तो ही पट्टी अडवते. टोक कुठे रुतले आणि आपण ते हिसकले, तर पाते मिटायला बघते, तेव्हा दात धरून ठेवतो. खटक्याचे हे तत्त्व ॲल बक यांच्या आधीचे, जुने आहे. त्यांनी ते अशा जाडीचे, अशा मापाचे आणि अशा नेटकेपणाने बनवले, की माणूस त्यावर दिवसभर विसंबू शकतो. पट्टी दाबण्याची जागाही विचारपूर्वक निवडलेली आहे. ती बोटांच्या नेहमीच्या पकडीपासून दूर, मागे आहे, त्यामुळे जोर लावताना चुकून दाबली जाण्याची भीती कमी.

मग पाते. साडेनऊ सेंटिमीटर लांब, पाठीला सुमारे तीन मिलिमीटर जाड. पाठ टोकाकडे जाताना आत खोलगट कापली आहे, त्यामुळे टोक अणकुचीदार होते आणि पोटाचा बाक कायम राहतो. हा आकार शिकाऱ्यासाठी आखलेला. बाकाने कातडे सोलायचे, टोकाने बारीक छेद द्यायचा. शिकारीशी देणेघेणे नसलेल्यालाही तो तितकाच उपयोगी पडतो. रबरी नळी, सुतळी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पुठ्ठा, कलमाची फांदी यांना बाक लागतो, आणि गाठ सोडवायला किंवा शिवण उसवायला टोक. पात्याच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाने किंचित पोकळ घासल्या आहेत. त्यामुळे पाठ जाड राहूनही धारेपाशी पाते पातळ होते आणि कापते छान. या घडणीची किंमतही आहे. एवढे नाजूक टोक वापरून डबा उचकटला, तर ते मोडणारच.

पोलादाची गोष्ट मला सगळ्यात शिकण्याजोगी वाटते. सुरुवातीची पाती ४४०सी पोलादाची होती. त्यात सुमारे एक टक्का कार्बन असतो. धार टिकते, पण एकदा गेली की परत आणायला दगडावर बराच वेळ घासावे लागते. पुढे कंपनी ४२०एचसीवर आली. त्यात कार्बन निम्म्याच्या आसपास, क्रोमियम सुमारे १३ टक्के. कागदावर हे साधे पोलाद आहे आणि आकडे पाहून निवड करणारे त्याला नाक मुरडतात. पण पॉल बॉस या जाणकाराने बसवलेल्या पद्धतीने त्याला पाणी दिले जाते आणि त्याची कठीणता रॉकवेल मापावर ५८च्या आसपास पोचते. हे पाते सहजासहजी गंजत नाही, धार ठीक टिकवते आणि बोथटले तर घरच्या दगडावर थोड्या वेळात पुन्हा तयार होते. रोज वापरणाऱ्याला हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा. होइट यांचा ध्यास नेमका पाणी देण्याचाच होता. पोलादाचे नाव काहीही असो, त्याला पाणी कसे दिले यावर पात्याची लायकी ठरते.

बाजारात याहून वेगळी उत्तरेही आहेत आणि ती खरी आहेत. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९०च्या सुमारास घडवलेला चाकू बीच लाकडाच्या मुठीचा आणि वजनाने अगदी हलका. १९५५ मध्ये त्याला फिरणारे कडे बसवून सांधा पक्का केला. स्वयंपाकाला, फळांना, सहलीला तो गोड. पण ओलाव्याने लाकूड फुगले, की पाते अडकते. १९८१ मध्ये स्पायडर्को कंपनीने पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप दिली, आणि एका हाताने उघडणाऱ्या चाकूंचे युग सुरू झाले. शिडीवर चढून एका हाताने वायर धरणाऱ्याला ११० गैरसोयीचा आहे. त्याने एका हाताने उघडणाराच घ्यावा. ११०ला क्लिप नाही, तो पट्ट्याला लावलेल्या चामडी म्यानात राहतो. खिशात टाकला तर खिसा ओढतो.

तरीही चाकू घेताना कसोटी ११०कडूनच शिकावी. पाते उघडून टोक चिमटीत धरा आणि हलक्या हाताने डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवून पाहा. सांध्यात खुळखुळ जाणवली, तर चाकू परत ठेवा. पट्टी मुठीच्या पाठीशी सपाट बसली आहे का, ते बोट फिरवून पाहा. मिटलेले पाते दोन्ही भिंतींच्या बरोबर मधे राहते का, ते पाहा. मूठ घट्ट आवळा आणि खटका आपोआप सुटत नाही ना, याची खात्री करा. ही सगळी तपासणी दुकानात उभ्याउभ्या होते. घेतल्यावर देखभाल थोडी लागते. खटक्याच्या खाचेत कचरा साठला, की दात पुरता बसत नाही, म्हणून जुन्या टूथब्रशने ती खाच साफ करावी आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. ओला चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये, नाहीतर पितळ हिरवे पडते. उचकटणे, ठोकणे आणि स्क्रू फिरवणे ही कामे त्याला कधीच सांगू नयेत.

माझा निवाडा सरळ आहे. ज्यांच्या कामात दोन्ही हात मोकळे असतात, म्हणजे शेतावर, कार्यशाळेत, गोदामात, बागेत, रानात, त्यांच्यासाठी बक ११० आजही मोठ्या घडीच्या चाकूंमध्ये सर्वांत भरवशाच्या निवडींपैकी एक आहे. दुसरा कुठला चाकू हातात आला, तरी पोलादाचे नाव विचारण्याआधी त्याचा सांधा हलवून पाहा, आणि सांधा पक्का असेल तरच पैसे मोजा.