नेपाळचा भूकंप, दूरचित्रवाणी आणि पटाचारा

२५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी मध्यान्हीच्या सुमारास, नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातील बारपाक परिसरात केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. जवळजवळ ९,००० माणसे मृत्युमुखी पडली, २२,००० हून अधिक जखमी झाली आणि सुमारे ५ लाख घरे जमीनदोस्त झाली. ज्या काठमांडूत २० नोव्हेंबर १९५६ रोजी जागतिक बौद्ध परिषदेसमोर बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना मांडली, ते नगर आम्हांस परके वाटत नाही. म्हणून या आपत्तीचे जे चित्र भारतीय वृत्तवाहिन्यांनी घरोघरी पोहोचविले, त्याची चिकित्सा करणे आम्ही आमचे काम समजतो.

वाहिन्यांनी काहीच चांगले केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. कोसळलेला धरहरा आणि तडे गेलेला बौद्धनाथ स्तूप यांची दृश्ये काही तासांत भारतभर दिसली व मदतीचे हात पुढे आले, हे त्यांचे श्रेय आहे. परंतु मे महिन्याच्या आरंभीच नेपाळी तरुणांनी ट्विटरवर भारतीय माध्यमांना परत जाण्यास सांगितले, ते कशासाठी? आपल्याकडे काहींनी यास कृतघ्नपणा म्हटले. आम्हांस ते मान्य नाही. तक्रार मदतीविषयी नव्हती. तक्रार होती ती दुःखी माणसाच्या तोंडासमोर धरलेल्या बूमविषयी, आणि नेपाळच्या शोकाची भारताच्या पराक्रमाची कथा करण्याविषयी. ‘ऑपरेशन मैत्री’ खरोखर मोठे कार्य होते. मात्र पडद्यावर वाचविणाऱ्याचा चेहरा सतत दिसे, वाचलेल्याचे नाव क्वचितच ऐकू येई. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावरील व्याख्यानात बाबासाहेबांनी भारतातील पत्रकारिता धंदा झाली आहे व विभूतिपूजेत रमली आहे, असा ठपका ठेवला होता. तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती. ठपका मात्र तिलाही तंतोतंत लागू पडतो.

येथे आम्हांस पटाचारेचे स्मरण होते. वादळाच्या रात्री तिचा पती सर्पदंशाने गेला. नदी ओलांडताना एक मूल ससाण्याने उचलले, दुसरे प्रवाहात वाहून गेले. श्रावस्तीच्या वाटेवर तिला कळले, की त्याच वादळात घर कोसळून आईवडील व भाऊ गाडले गेले आहेत. शोकाने भान हरपून, वस्त्र गळाल्याचीही शुद्ध न राहता, ती जेतवनात आली. लोक तिला वेडी म्हणून हाकलू लागले. तथागतांनी तिला अडवू दिले नाही. भगिनी, भानावर ये, एवढेच तिला सांगितले. सभेतील कोणी तरी आपले उत्तरीय तिच्याकडे टाकले. ते तिने पांघरले आणि मग ती बोलली. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम वाट मोकळी झाली, नंतर भान आले, नंतर वस्त्र, आणि सर्वांत शेवटी तिची कहाणी. आमच्या वृत्तनिवेदकाने कहाणी प्रथम मागितली. मूल ढिगाऱ्याखाली असलेल्या आईस ‘आपल्याला कसे वाटते?’ असे विचारणे हा माहिती मिळविण्याचा प्रकार नव्हे. तिला काय वाटते हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याला उत्तर नको असते, अश्रू हवे असतात.

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात बोलण्याची कसोटी सांगितली आहे. वचन सत्य असावे, हितकर असावे आणि ते बोलण्याचा योग्य काळ जाणावा. वाहिन्यांच्या बाजूने नेहमी एकच बचाव येतो, की आम्ही दाखविले ते खरे होते. तीन अटींपैकी एकच पाळून वाणी सम्यक होत नाही.

पहिली अटही नेहमी पाळली गेली असे नाही. पशुपतिनाथाचे मुख्य मंदिर सुरक्षित राहिले, यात चमत्कार शोधण्यात आला. स्वयंभूच्या परिसरातील इमारती कोसळल्या, मग तेथे कोणाचा कोप मानायचा? १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपास गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा म्हटले होते आणि रवींद्रनाथांनी त्यास जाहीर हरकत घेतली होती. त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यही मेले, हे आम्ही जोडू. कारणाशिवाय कार्य नाही, हे शिकलेल्यांना भारतीय भूपट्ट हिमालयाखाली सरकत आहे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती हादरा सोसत नाहीत, एवढे सांगणे पुरेसे होते.

भूकंप जात पाहत नाही, मदत मात्र पाहते. २००१ चा कच्छचा भूकंप, २००४ ची त्सुनामी या दोन्ही वेळी दलितांना मदतीत व छावण्यांत वेगळी वागणूक मिळाल्याच्या नोंदी आहेत. नागपट्टिणमच्या छावण्यांतून तर त्यांना बाहेर काढण्यात आले होते. नेपाळमधील दलित वस्त्यांतूनही मदत उशिरा व अपुरी मिळाल्याच्या तक्रारी आल्या. हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या दृश्यात सर्व छपरे सारखीच दिसतात. कोणते छप्पर कोणाचे, हे समजण्यास खाली उतरून गावकुसाबाहेर चालत जावे लागते.

चालत जाण्याची ही गोष्ट आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांसमोर ठेवतो, कारण त्यांना ती अनुभवाने ठाऊक आहे. सरदार सरोवरामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली त्यांतले पहिले. तेथे पाणी एका क्षणात आले नाही. ते अनेक पावसाळे वर्षावर्षाने चढत गेले. धरहरा पडला तसे काही पडले नाही, म्हणून ‘ताजी बातमी’ म्हणावे असा क्षणही आला नाही. भिलोरी, पावरी बोलणाऱ्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलू शकेल असा निवेदक वाहिन्यांकडे कोठून असणार? काठमांडूचा विमानतळ आणि बारपाक यांत जे अंतर, तेच मुंबई आणि धडगावच्या डोंगरांत आहे. कॅमेरा दोन्हीकडे रस्ता संपतो तेथे थांबतो.

तो परततोही लवकर. सप्टेंबर २०१५ पासून फेब्रुवारी २०१६ पर्यंत भारत-नेपाळ सीमेवरील वाहतूक अडली. आपण नाकेबंदी केल्याचे भारत सरकारने नाकारले, नेपाळने ते मानले नाही. इंधन व औषधे अडकली, आणि भूकंपग्रस्तांनी हिवाळा पत्र्याखाली काढला. एप्रिलमध्ये अहोरात्र चाललेल्या वाहिन्यांवर तो विषय मुख्यतः मुत्सद्देगिरीच्या चर्चेपुरता उरला. बौद्धनाथ स्तूपाचे शिखर नोव्हेंबर २०१६ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्यासाठी बौद्ध उपासकांनी सोने व पैसा दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले, तेव्हा पडद्यावर गुजरातेतील जलपूजन होते. त्याच पाण्याचा फुगवटा अक्राणीच्या काठापर्यंत पोहोचला होता.