कढीपत्त्याचा भाव: महिला फुटबॉल विश्वचषक आणि प्रक्षेपण हक्क

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. प्रक्षेपण हक्क. म्हणजे सामना कोणी दाखवायचा, त्याचे पैसे किती द्यायचे आणि तुम्ही-आम्ही तो कुठे बघायचा. पण २०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकाआधी या हक्कांवरून जे भांडण झालं, ते आपण आज नीट तपासणार आहोत. कारण त्यात जो पक्ष न्यायाची भाषा बोलत होता, त्याचे स्वतःचे हिशेब फारसे कुणी उघडून पाहिले नाहीत.

आधी काय घडलं ते बघू. स्पर्धा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २० जुलैला सुरू व्हायची होती. मे महिना उजाडला तरी ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेन या पाच मोठ्या बाजारपेठांत हक्क विकलेच गेले नव्हते. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फांतिनो जाहीरपणे चिडले. त्यांचा मुद्दा असा: पुरुषांच्या विश्वचषकासाठी हेच प्रक्षेपक १० ते २० कोटी डॉलर देतात आणि महिलांसाठी १ लाख नव्हे, पण जेमतेम १० लाख ते १ कोटी डॉलर पुढे करतात. प्रेक्षक मात्र पुरुषांच्या स्पर्धेच्या ५० ते ६० टक्के असतात. हा खेळाडूंचा, किंबहुना जगभरच्या स्त्रियांचा अपमान आहे. भाव वाढला नाही, तर या देशांत स्पर्धा दाखवणारच नाही.

ऐकायला बरं वाटतं, नाही का? कुणीतरी बायकांच्या खेळाची किंमत मागतंय. पण आम्हाला इथे भाजीबाजार आठवतो. भाजीवाला भाजीवर कढीपत्त्याच्या चार काड्या फुकट टाकतो. वर्षानुवर्षं टाकतो. मग एके दिवशी तोच कढीपत्ता तराजूत घालून म्हणतो, याचे इतके पैसे. गिऱ्हाईक का-कू करणारच. फिफाने महिला विश्वचषकाचे हक्क बहुतेक देशांत वर्षानुवर्षं असेच, पुरुषांच्या हक्कांच्या गठ्ठ्यात बांधून दिले. स्वतंत्रपणे विकायला सुरुवात केली ती २०२३च्या स्पर्धेपासून. ज्या मालाला आजवर वेगळा भाव लावलाच नाही, त्याचा भाव कमी आला म्हणून फक्त गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही.

आता फिफाचीच मोजपट्टी फिफाला लावू. प्रेक्षक ५०-६० टक्के, म्हणून पैसेही त्या मानाने हवेत, हा युक्तिवाद आपण मान्य करू. मग बक्षिसांचं काय? २०२२च्या पुरुष विश्वचषकात बक्षिसांची एकूण रक्कम होती ४४ कोटी डॉलर. २०२३च्या महिला विश्वचषकात ११ कोटी. म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. २०१९मध्ये ती ३ कोटी होती, तेव्हा वाढ मोठी झाली हे खरंच. पण प्रक्षेपकांनी निम्म्याहून अधिक द्यावं आणि आम्ही मात्र पाव देऊ, हे गणित बसत नाही.

प्रक्षेपकांची बाजू तरी स्वच्छ होती का? तीही नाही. सामने युरोपात सकाळी येणार, जाहिराती मिळणार नाहीत, ही त्यांची तक्रार. वेळेची अडचण खरी, पण घासाघीस करायला सोयीची. ब्रिटनमध्ये आणखी एक गोष्ट होती. तिथल्या सरकारने २०२२मध्ये महिला विश्वचषक संरक्षित स्पर्धांच्या यादीत घातला, म्हणजे तो फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांना देऊ करणं बंधनकारक झालं. त्यामुळे बोली लावणारे कमी होतात आणि भाव पडतो. पण आमच्या मते हा कायदा योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की महिला फुटबॉलला आज जास्त गरज कशाची आहे: चढ्या भावाची, की सवयीच्या प्रेक्षकाची?

ऑस्ट्रेलियात याचं उत्तर दिसलं. तिथे सगळे ६४ सामने ऑप्टस स्पोर्ट या पैसे भरून बघायच्या सेवेवर होते, आणि त्यातले फक्त १५ सेव्हन या फुकट वाहिनीवर. त्या १५ पैकी एक होता ऑस्ट्रेलिया-इंग्लंड उपांत्य सामना. सेव्हनवर त्याला सरासरी ७० लाखांहून जास्त प्रेक्षक मिळाले. २००१मध्ये तिथे सध्याची मोजणी सुरू झाली, तेव्हापासूनचा तो उच्चांक. संघ चांगला होताच. पण दार उघडं नसतं, तर एवढी माणसं आत आली असती का?

युरोपातलं भांडण शेवटी १४ जूनला मिटलं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनशी ३४ प्रदेशांसाठी करार झाला. जपानचं तर स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा ठरलं, आणि हा देश २०११चा विजेता! युरोपच्या करारात एक कलम होतं, त्याची चर्चा फार झाली नाही: दर आठवड्याला निदान एक तास महिला फुटबॉलला देण्याच्या दिशेने काम करायचं. आमच्या दृष्टीने हे कलम रकमेपेक्षा महत्त्वाचं आहे. चार वर्षांतून एकदा महिनाभर दिसणाऱ्या खेळाला प्रेक्षक कुठून मिळणार?

आता आपल्याकडे या. भारतात ही स्पर्धा डीडी स्पोर्ट्स आणि फॅनकोडवर होती. सिडनीतला अंतिम सामना आपल्या वेळेनुसार रविवारी दुपारी साडेतीनला. याहून सोयीची वेळ कोणती? शिवाय दहा महिने आधी, ऑक्टोबर २०२२मध्ये, १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याच अंगणात झाला होता. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला हरवलं ते नवी मुंबईत, आणि सिडनीत इंग्लंडला हरवून मोठा चषक जिंकला तोही स्पेननेच. हा धागा पकडून प्रेक्षक जोडता आला असता. नुसतं दाखवणं पुरत नाही, दाखवतोय हे सांगावंही लागतं.

आणि क्रिकेटचा दाखला देऊन आपण फार फुशारूही नये. महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क २०२३मध्ये ९५१ कोटींना गेले, सामन्याला ७.०९ कोटी. एकही चेंडू पडायच्या आधी वेगळा लिलाव केला, हे बीसीसीआयचं शहाणपण. पण आयपीएलच्या एका सामन्याचा भाव होता ११८ कोटींच्या आसपास. म्हणजे सोळा-सतरा पट. इन्फांतिनो ज्याला अपमान म्हणत होते, त्याच्या जवळपासचीच ही दरी. तिथे अपमान, इथे अभिमान! फरक एवढाच की इथे निदान एक स्वतंत्र आकडा तयार झाला, ज्यावरून पुढची बोली मोजता येईल.

पुढचा विश्वचषक २०२७मध्ये ब्राझीलला आहे. अमेरिकेतले त्याचे हक्क नेटफ्लिक्सने घेतले आहेत, २०३१च्या स्पर्धेसकट. मोठी कंपनी आली म्हणून टाळ्या वाजल्या. पण हे दार वर्गणी भरणाऱ्यालाच उघडतं. तेव्हा यापुढे अशा कराराची बातमी आली, की रकमेच्या आकड्यावर थांबू नका. तीन गोष्टी विचारा. किती सामने फुकट दिसणार? स्पर्धेच्या किती आधी हक्क विकले? आणि मधल्या तीन-चार वर्षांत हाच खेळ त्या पडद्यावर दिसणार आहे का? याची उत्तरं मिळाली, तर विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला या खेळाची खरोखर किती पर्वा आहे ते आपल्याला कळेल.