हवाईयन गिटार : सूर ओळखीचा, वादक अनोळखी

हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. डाव्या हातातला स्टीलचा बार तारांवरून सरकतो, उजव्या हाताच्या नख्या तारा छेडतात. तारा पट्टीपासून उंच असल्याने पडदे खुणेपुरते उरतात आणि अखंड मींड मिळते. ब्लूजवाल्यांनी हेच काम सुरीने किंवा बाटलीच्या मानेने केले. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकावर तारांवर सुरी फिरवणारा एक वादक ऐकला. हँडी पुढे ‘ब्लूजचे जनक’ म्हणवले गेले; त्या वादकाचे नाव कुणाला ठाऊक नाही.

मुंबईच्या हिंदी चित्रसंगीतात फार वेगळे घडले नाही. श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार आणि गायक असत. वादकांना तिथे सहसा जागा नव्हती. गिटारवादकाचे नाव छापले जाई ते सिनेगीतांच्या धुनांच्या तबकड्यांवर. लखनौहून आलेले व्हॅन शिपले, हजारा सिंग आणि चरणजित सिंग ही त्यातली ठळक नावे. शिपले यांनी पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासह केलेल्या तबकड्या भरपूर खपल्या. रेडिओवर मात्र दोन कार्यक्रमांमधली रिकामी मिनिटे भरायला अशाच धुना लावत. श्रोता गाणे लगेच ओळखी. वाजवणारा कोण, हे विचारण्याची वेळच येत नसे.

या धुनांना समीक्षकांनी ‘नक्कल’ म्हणून बाजूला सारले, ते अन्यायाचे होते. बारने गाणे वाजवणे अवघड असते. पडद्याचा आधार नसल्याने प्रत्येक सूर कानानेच नेमका गाठावा लागतो; बार केसभर पुढेमागे झाला की सूर चढतो किंवा उतरतो. खटका-मुरकीत जड बार चटकन थांबवावा लागतो, आणि शेजारची तार घुमू नये म्हणून हाताची कड तिच्यावर टेकवावी लागते. लताबाईंची हरकत याच बंधनांतून काढणारा वादक नुसता नकलाकार नव्हे. तरी दोष या प्रकारातही होताच. ठेका आणि साथ बेतीव असे, विस्ताराला वाव नसे. वादकाची स्वतःची शैली त्यामुळे तीन-चार मिनिटांत गुदमरून जाई.

या वाद्याला प्रतिष्ठा मिळाली ती रागसंगीतात. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा अली अकबर खाँ यांचे शिष्य. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ते शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत आहेत. तिची निर्मिती एचएमव्हीत अधिकारी असलेले मराठी भावगीतगायक जी. एन. जोशी यांची. संतूर आणि बासरीवाले घराघरांत पोचले. काबरा मात्र जाणकारांपुरतेच राहिले. याच गिटारीत बदल करून वाजवणारे विश्वमोहन भट्ट यांना १९९४मध्ये अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर ग्रॅमी मिळाली, तेव्हा या वाद्याकडे पुन्हा जगाचे लक्ष गेले.

सिंथेसायझर आल्यावर स्टुडिओंतून हवाईयन गिटार हळूहळू हटली. कोलकात्यात ती शिकण्या-शिकवण्याची परंपरा दाट होती. हवाईचे गिटारवादक टाऊ मो चाळीसच्या दशकात तिथे राहून गेले होते. मुंबईतली गिटार मात्र मुख्यतः स्टुडिओंच्या कामावर जगत होती. काम संपताच शिष्यांची ओळही तुटली. संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी २००८च्या पुस्तकात मुंबईच्या स्टुडिओ-वादकांच्या आठवणी नोंदवल्या, त्या काळाची तीच मोठी नोंद. त्याच वर्षी शिपले वारले. चरणजित सिंग यांना उतारवयात जगाने ओळखले, तेही १९८२च्या सिंथेसायझरवरच्या रागांच्या तबकडीमुळे. त्यांच्या गिटारीचा स्वतंत्र विचार मराठीत अजून व्हायचा आहे.