दोनदा जेवणाऱ्यांची मोजदाद

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत म्हणजे ऊर्जानगर. केंद्र रात्रंदिवस चालते, म्हणून वसाहतीतली बरीच घरेही पाळीच्या घड्याळावर चालतात. वडील रात्रपाळी करून येतात तेव्हा मुले शाळेला निघालेली असतात. अशा वसाहतीत, किंवा राज्यातल्या कोणत्याही शाळेच्या शिक्षक-खोलीत, मधुमेहाचा विषय निघाला की थोड्याच वेळात 'तुम्ही दीक्षित सुरू केले का?' हा प्रश्न येतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या मोहिमेने आहारशास्त्र घराघरांत नेले आणि ते मराठीतून नेले, हे आधीच मान्य करतो. आमचे म्हणणे आहे ते पुढच्या पायरीविषयी.

या मोहिमेचे मूळ डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांत आहे. विदर्भातला हा बहुपदवीधर माणूस २००४ साली अपघातात गेला. त्यांचा विचार डॉ. दीक्षितांनी उचलला आणि स्वयंसेवक व व्हॉट्सॲप गटांच्या आधारे गावोगावी पसरवला. सूत्र सुटसुटीत आहे. खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळी जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, आणि रोज ४५ मिनिटे चाला. मधुमेहींनी गोड टाळायचे, आणि जेवणाची सुरुवात दाणे, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्ये किंवा अंडे यांनी करून पोळी-भाताकडे मागाहून वळायचे. हा शेवटचा सल्ला आम्हाला विशेष पटतो. भाज्या आणि प्रथिने आधी खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे लहान प्रयोगांत दिसले आहे. शिवाय त्याला खर्च नाही, ताटातला क्रम फक्त बदलायचा.

'दोनदाच का?' याला मोहिमेचे उत्तर मात्र कच्चे आहे. खाल्ले की इन्सुलिनचे एक माप पडते, म्हणून मापे कमी पाडा, असे ते उत्तर. समजावून सांगायला ही उपमा छान आहे, पण स्वादुपिंड काही मापट्याने इन्सुलिन ओतत नाही. खाल्ल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत साठवलेले इन्सुलिन झटकन सुटते. पुढचे किती आणि किती वेळ सुटेल, हे मुख्यतः रक्तातल्या साखरेवर अवलंबून असते. मूठभर शेंगदाण्यांना आणि परातभर भाताला सारखेच माप पडत नाही. मग दोनदा जेवण्यात काहीच तथ्य नाही का? आहे. २०१४ साली प्रागच्या संशोधकांनी ५४ मधुमेहींना बारा आठवडे दोन मोठी जेवणे आणि बारा आठवडे सहा लहान खाणी दिली. दोन्ही वेळा उष्मांक सारखेच होते. दोन जेवणांच्या काळात सरासरी ३.७ किलो वजन उतरले, सहांच्या काळात २.३ किलो. मात्र त्यांची ती दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण. आपल्याकडे दोनांतले दुसरे जेवण बहुधा रात्री नऊला होते. हा फरक किरकोळ नाही, कारण तेच अन्न सकाळपेक्षा रात्री साखर अधिक चढवते.

आता आमचा मुख्य आक्षेप. समजा, एखाद्या शाळेने फलकावर फक्त उत्तीर्णांची नावे लावली आणि परीक्षेला किती बसले ते सांगितलेच नाही. आपण शिक्षक त्या फलकाला फसणार नाही. पटावर किती, बसले किती, मधेच शाळा सोडली किती, हेच आधी विचारू. मोहिमेच्या सभांत जे बोलायला उभे राहतात ते उत्तीर्ण. त्यांचे अहवाल खरे असतात, त्यांचा आनंदही खरा. पण ज्याला जमले नाही तो गटात अहवाल टाकत नाही, गुपचूप गट सोडतो. शिवाय गटात येतात ते आधीच निश्चय करून आलेले असतात. त्यांनी नुसते चालणे धरले असते आणि चहातली साखर सोडली असती, तर साखर किती उतरली असती, हे तुलनेसाठी दुसरा गट असल्याशिवाय कळायचे नाही.

'लोकांच्या चळवळीत असली तुलना कुठून आणणार?' असे कोणी म्हणेल. चीनमधल्या दाचिंग शहरात ती १९८६ साली केली गेली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५७७ लोक निवडले. चिठ्ठ्या मात्र माणसांच्या टाकल्या नाहीत, ३३ दवाखान्यांच्या टाकल्या. एकाच दवाखान्याचे लोक एकमेकांचे पाहून बदलतात, म्हणून अख्खा दवाखाना एका गटात घातला. सहा वर्षांत काहीच न शिकवलेल्या गटातल्या ६७.७ टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार शिकवलेल्या गटात ४३.८ टक्के. झालेला मधुमेह मागे हटवण्याचा प्रयोग पुढे ब्रिटनमध्ये असाच झाला. तिथेही दवाखानेच वाटून घेतले होते. काही महिने रोज साधारण ८५० उष्मांकांचाच आहार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षअखेर औषधाविना आटोक्यात होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत फक्त ४ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. मधेच सोडून गेलेल्यांना अयशस्वी धरूनच हे आकडे काढले आहेत. म्हणून तर 'मधुमेहमुक्ती' हा शब्द आम्हाला खटकतो. २०२१ साली तज्ज्ञांनी ठरवलेली व्याख्या नेमस्त आहे. औषध थांबवल्यावर निदान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांखाली राहिले तर ते मधुमेहाचे शमन म्हणायचे, आणि तपासणी दरवर्षी चालू ठेवायची.

ऊर्जानगरहून मूल, सावली ओलांडून गडचिरोलीकडे निघालो की धानाच्या बांध्या लागतात, पुढे जंगल. तिथे हे सूत्र सांगायला आमची जीभ अडखळते. 'दोन वेळचे जेवण' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत पोटापुरते मिळण्यासाठी आहे! मे महिन्यात पहाटे उठून तेंदूपाने तोडायची, दुपारी पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे, असा ज्या बाईचा दिवस आहे तिला चालायला सांगण्याची गरज नाही. तिच्या ताटात रेशनचा तांदूळ भरपूर आणि डाळ थोडी. दाणे आणि अंडे रोज आणायचे तर मजुरीचा हिशेब करावा लागतो.

आणि ती सडपातळ आहे. ब्रिटनमधला प्रयोग २७ च्या वर शरीरभारांक असलेल्यांवर, म्हणजे वजनदार माणसांवर झाला. वजन उतरले, यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली आणि इन्सुलिन पुन्हा वाहू लागले, हे त्यामागचे स्पष्टीकरण. त्याच संशोधकांनी नंतर २१ ते २७ शरीरभारांकाच्या २० जणांवरही प्रयोग केला आणि १४ जणांत शमन झाले. म्हणजे दिसायला बारीक असणाऱ्यांनाही वजन उतरवून लाभ होऊ शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणसाचे 'बारीक पण चरबीयुक्त' शरीर जगापुढे मांडले, ते इथे आठवावे. पण त्या वीस जणांची सरासरी २५ च्या आसपास होती. १७ किंवा १८ शरीरभारांकाच्या, लहानपणापासून अर्धपोटी राहिलेल्या मधुमेहीची गोष्ट वेगळी असू शकते. कुपोषणाशी जोडलेल्या या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'पाचवा प्रकार' म्हणून मान्यता दिली. अशा रुग्णाला आणखी वजन उतरवण्याचा सल्ला घातक ठरेल. मोहीम अठरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि पहिल्या प्रकारचे मधुमेही यांना वगळते, ते योग्यच आहे. त्या यादीत हाडकुळ्या मधुमेहीचेही नाव ठळकपणे यायला हवे.

वसाहतीकडे परत येऊ, कारण एक धोका तिथेही आहे. समजा, एका ऑपरेटरला ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, मग माणूस जेवो वा न जेवो. त्याने सोमवारपासून दोनच जेवणे धरली, गोळी तेवढीच ठेवली आणि रात्रपाळीला गेला. पहाटे तीनला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि समोर चालते यंत्र. ब्रिटनच्या प्रयोगात मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या. म्हणून मधुमेहीला गटात घेताना स्वयंसेवकाचा पहिला प्रश्न वजनाचा नको. कोणती गोळी, किती, इन्सुलिन टोचता का, आणि या आठवड्यात पाळी कोणती, हे आधी विचारून वहीत लिहावे. त्याच वहीत गट सोडून गेलेल्यांसाठीही एक रकाना आखावा, आणि सहा महिन्यांनी त्यांच्या घरी जाऊन तो भरावा.